माइक जोडला, इंटरफेस चालू आहे, तरी आवाज येत नाही किंवा फारच बारीक येतो: कुठून सुरुवात करायची

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या लोकांचा हा एकच प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की समोरच्याने पहिलं वाक्य बोललं की पुढचे प्रश्न मला तयारच असतात. आणि बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. तरी लोक आधी नवीन केबल मागवतात, मग नवीन माइक, मग इंटरफेसच (माइक आणि कॉम्प्युटरच्या मधला डबा) परत करतात, आणि शेवटी कळतं की एक बटण दाबायचं राहिलं होतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका, वरच्या तपासण्या फुकट आहेत आणि दोन-दोन मिनिटांच्या आहेत, खाली जाल तसा वेळ आणि पैसा लागत जातो.

लक्षणं

तुमचं नक्की काय होतंय ते आधी ठरवा, कारण "आवाज येत नाही" ह्या तीन शब्दांत लोक सहा वेगळे प्रॉब्लेम सांगतात.

- काहीच नाही. हेडफोनमध्ये नाही, स्क्रीनवरचा मीटर हलत नाही, इंटरफेसवरचा लाइटही लागत नाही.
- इंटरफेसवरचा लाइट बोललं की लुकलुकतो, हेडफोनमध्ये ऐकूही येतं, पण सॉफ्टवेअरमध्ये रेघ सरळच्या सरळ.
- आवाज येतो पण फार बारीक, गेन (माइकचा सिग्नल वाढवायचा नॉब) पूर्ण फिरवला तरी लांबून बोलल्यासारखा, आणि सोबत भरपूर हिस्स.
- फक्त डाव्या कानात येतो.
- येतो पण घूं करत, किंवा खरखर, मध्येच तुटत.
- आवाज पातळ, पत्र्यासारखा, खर्ज गायब. हे लोक माइकच्या क्वालिटीवर ढकलतात पण बरेचदा कारण केबलमध्ये असतं, ते खाली सविस्तर आहे.

आधी लाइट बघा

बहुतेक इंटरफेसवर इनपुटच्या नॉबभोवती किंवा शेजारी सिग्नलचा लाइट असतो, आवाज आला की हिरवा, जास्त झाला की लाल. माइकसमोर नेहमीच्या आवाजात बोला आणि फक्त त्या लाइटकडे बघा, कॉम्प्युटरकडे बघूच नका. लाइट लागला तर माइक, केबल, फँटम (माइकला जाणारी वीज), गेन हे सगळं चालू आहे आणि तरी रेकॉर्ड होत नसेल तर प्रॉब्लेम यूएसबीच्या पलीकडे, कॉम्प्युटरमध्ये आहे. लाइट लागलाच नाही तर कॉम्प्युटरमध्ये कितीही सेटिंग बदला, ड्रायव्हर दहादा टाका, काही फरक पडणार नाही, कारण सिग्नल तिथपर्यंत पोचलेलाच नाही.

ह्या एका गोष्टीने अर्धं काम होतं. मी कोणालाही मदत करताना पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि खरं सांगायचं तर ज्यांनी रात्रभर ड्रायव्हर काढून-घालून बघितलेला असतो त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या लाइटकडे एकदाही पाहिलेलं नसतं.

तुमच्या इंटरफेसवर लाइटच नसेल तर डायरेक्ट मॉनिटर चालू करा, हेडफोन थेट इंटरफेसला लावा आणि बोला. डायरेक्ट मॉनिटरमध्ये माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनला येतो, त्यामुळे तिथे ऐकू आलं म्हणजे लाइट लागल्यासारखंच समजा. फक्त हेडफोनचा व्हॉल्यूम शून्यावर नाही ना तेवढं बघा, आणि मिक्सचा नॉब असेल तर तो इनपुटच्या बाजूला फिरवा.

लाइट लागत असेल आणि आवाज बारीक किंवा पातळ नसेल तर सरळ खाली "कॉम्प्युटरची बाजू" पासून वाचा. नाहीतर इथूनच पुढे.

फुकटातल्या तपासण्या

गेन. नॉब तळाशी असेल तर अर्ध्याच्या वर न्या. गेन आणि आउटपुटचा मोठा नॉब ह्यात लोक गडबड करतात, मोठा नॉब स्पीकरचा असतो, त्याचा रेकॉर्डिंगशी काहीही संबंध नाही.

माइकवरचं स्विच. स्टेजवर वापरायच्या काही डायनॅमिक माइकना (ज्यांना बाहेरून वीज लागत नाही) ऑन-ऑफ असतं आणि ते अर्धवट सरकलेलं असतं. कंडेन्सरवर (ज्या माइकला वीज लागते) मायनस १० किंवा मायनस २० डेसिबलचा पॅड, म्हणजे आवाज मुद्दाम कमी करणारं स्विच, असतो, तो ड्रमसारख्या जोरदार आवाजासाठी आहे, बोलण्या-गाण्यासाठी बंदच ठेवा. इंटरफेसवरही पॅडचं बटण असू शकतं. दोन्हीकडे चालू असेल तर आवाज बारीक येणारच.

आता माइकची दिशा, आणि इथे थोडं थांबतो, कारण ही गोष्ट बॉक्सवर नीट लिहिलेली नसते. जाड, सिलेंडरसारखे जे मोठे कंडेन्सर असतात त्यांच्यात वरच्या टोकातून नाही तर बाजूने बोलायचं असतं. जाळीच्या आत उजेडात तिरकं बघितलं तर गोल पातळ चकती दिसते, बरेचदा सोनेरी, ती चकती तुमच्या तोंडासमोर पाहिजे. आणि दोन बाजूंपैकी बरोबर बाजू कुठली? बहुतेक माइकवर ज्या बाजूला कंपनीचं नाव किंवा हृदयासारखा आकार छापलेला असतो ती पुढची बाजू, पण काही मॉडेलमध्ये पुढची बाजू वेगळ्या खुणेने, एखाद्या ठिपक्याने दाखवलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलून बघा, फरक लगेच कळतो. उलट्या बाजूने बोललात तर आवाज येतो पण लांबून, खोलीतला घुमारा जास्त, आणि माणूस म्हणतो माइक खराब आहे. पेन्सिलसारखे बारीक कंडेन्सर आणि हातात धरायचे डायनॅमिक मात्र टोकाकडूनच.

आणि अंतर. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आलात तर १२ डेसिबल फुकटात मिळाले, तेही हिस्स न वाढवता. बारीक आवाजाच्या कितीतरी तक्रारी मी फक्त खुर्ची पुढे ओढायला सांगून मिटवल्यात. जवळ आल्यावर प, फ, भ ला फटके बसतील, त्यासाठी पॉप फिल्टर (माइकसमोर लावायची जाळी) लावा किंवा थोडं तिरकं बोला.

फँटम पॉवर

कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते आणि ती इंटरफेसकडून त्याच केबलमधून जाते, तीच ४८ व्होल्टची फँटम पॉवर. बटणावर ४८ व्ही असं लिहिलेलं असतं. कंडेन्सर आहे आणि लाइट अजिबात लागत नाही, तर पहिला संशय हिच्यावर घ्या. काही इंटरफेसमध्ये हे बटण नसतंच, कंपनीच्या कंट्रोल ॲपमधून चालू करावं लागतं, आणि काहींमध्ये एकच बटण सगळ्या इनपुटना मिळून असतं. चालू केल्यावर पाच-दहा सेकंद द्या, लगेच "नाही येत" म्हणू नका.

पद्धत अशी ठेवा: गेन खाली, स्पीकर बंद, माइक जोडा, मग फँटम, थोडं थांबा, मग गेन वर. काढताना उलटं, आधी फँटम बंद, अर्धा मिनिट थांबा, मग केबल काढा. फँटम चालू असताना केबल काढ-घाल केली तर स्पीकरमधून जो धाडकन आवाज येतो तो कानाला आणि स्पीकरला दोघांनाही चांगला नाही.

डायनॅमिक माइकला फँटमची गरज नाही, पण चुकून चालू राहिली तरी केबल धड असेल तर काही बिघडत नाही, कारण व्होल्टेज पिन २ आणि पिन ३ वर सारखंच असतं आणि मधल्या कॉइलमधून करंट वाहतच नाही. रिबन माइक असेल तर मात्र फँटम बंदच ठेवा, विशेषतः जुना असेल तर, कारण केबलमध्ये एखादा शॉर्ट निघाला तर आतली पातळ पट्टी ताणली जाऊ शकते आणि ती दुरुस्ती महाग असते. नव्या काही रिबन माइकना उलट फँटम लागते, तेव्हा मॅन्युअल बघितल्याशिवाय बटणाला हात नको.

केबल कुठल्या भोकात गेलीय

इंटरफेसच्या पुढच्या बाजूला जे गोल सॉकेट असतं ते बहुतेक वेळा कॉम्बो असतं. जवळून बघा: बाहेरच्या कडेला एक्सएलआरच्या (माइक केबलच्या गोल प्लगच्या) तीन पिनांसाठी तीन बारीक भोकं आणि बरोबर मधोमध पाव इंची जॅकसाठी एक मोठं भोक. दिसायला एकच सॉकेट, पण आतून हे दोन वेगळे रस्ते आहेत. तीन पिनांतून आलेला सिग्नल माइकच्या प्रीॲम्पला (इवलासा सिग्नल मोठा करणाऱ्या भागाला) जातो, मधल्या भोकातून आलेला लाइन (आधीच मोठा सिग्नल देणारी उपकरणं) किंवा गिटारच्या रस्त्याला.

म्हणून एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक अशी केबल वापरली, जी काही स्वस्त माइकसोबत बॉक्समध्येच येते, तर दोन गोष्टी होतात. एक, त्या मधल्या भोकाला फँटम जात नाही, म्हणजे कंडेन्सर मेलेलाच राहणार. दोन, डायनॅमिक असला तरी त्याचा इवलासा सिग्नल लाइनच्या इनपुटला अगदीच कमी पडतो, गेन पूर्ण फिरवा नाहीतर काहीही करा. ह्यावर उपाय एकच, दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली साधी माइक केबल. कन्व्हर्टर लावून पुढे ओढायच्या भानगडीत पडू नका.

केबल बसवताना क्लिक आवाज येईपर्यंत दाबा. नवीन सॉकेट घट्ट असतं, अर्धी बसलेली केबल बघताना बसल्यासारखीच दिसते. आणि इन्स्ट किंवा हाय-झेड लिहिलेलं बटण चालू असेल तर बंद करा, ते गिटारसाठी आहे, काही मॉडेलमध्ये ते दाबलं की माइकचा रस्ता बंदच होतो.

माइकच वेगळ्या जातीचा तर नाही ना

यूएसबी माइक इंटरफेसला जोडता येत नाही. इंटरफेसवरचं यूएसबी पोर्ट कॉम्प्युटरकडे जायला असतं, यूएसबी माइकच्या आत स्वतःचाच छोटा इंटरफेस असतो. एक्सएलआर आणि यूएसबी दोन्ही असलेला माइक असेल तर इंटरफेससाठी त्याचं एक्सएलआर वापरा.

मोबाइलचा कॉलर माइक किंवा हेडसेट, साडेतीन मिलिमीटरच्या पिनचा, ह्याला काही व्होल्ट एवढीच वीज लागते आणि इंटरफेस देतो ४८. साध्या जोडपिनेने मोठ्या जॅकमध्ये घातला तर वीजच मिळत नाही, म्हणून गप्प. ह्यासाठी ४८ व्होल्टला उतरवून देणारा एक्सएलआर ॲडॉप्टर मिळतो, तोच घ्या, नुसती पिन बदलणारा नको. त्यात पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर ती हेडसेटची चार भागांची पिन आहे आणि माइकचा संपर्क वेगळ्या जागी आहे, त्यासाठी आधी वेगळं करणारा स्प्लिटर लागतो.

अदलाबदल

आता एका वेळी एकच वस्तू बदलायची. तोच माइक तीच केबल इनपुट २ ला लावून बघा. चाललं तर इनपुट १ मध्ये काहीतरी आहे. नाही चाललं तर केबल बदला, कोणाकडून तरी चालू असलेली मागून आणा, विकत घ्यायची घाई नको. तरी नाही तर दुसरा माइक. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर दोष नक्की कशात होता ते कळतच नाही आणि ती खराब केबल ड्रॉवरमध्ये जाऊन पुढच्या वेळी परत हजर होते.

केबलचा दोष ओळखायला एक गोष्ट फार कामाची आहे. एक्सएलआरमध्ये पिन १ ग्राउंड, पिन २ हॉट, पिन ३ कोल्ड. २ किंवा ३ पैकी एक वायर सुटली की डायनॅमिक माइकचा आवाज येतो पण एकदम बारीक आणि पातळ, खर्ज निघून गेलेला. वर जे पत्र्यासारखं म्हटलं ते हेच. पिन १ सुटली तर डायनॅमिक चालतो पण घूं वाढतो, आणि कंडेन्सर सहसा बंदच पडतो कारण फँटमच्या परतीचा रस्ता तिथून आहे. म्हणजे "ह्या केबलवर डायनॅमिक चालतो, कंडेन्सर नाही, फँटम तर चालू आहे" असं झालं की पिन १ वर बोट ठेवायला हरकत नाही.

कॉम्प्युटरची बाजू

लाइट लागतोय, हेडफोनमध्ये येतंय, सॉफ्टवेअरमध्ये नाही. इथेही सोपं आधी.

परवानगी. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत मायक्रोफोन म्हणून पान आहे, तिथे माइकची परवानगी चालू पाहिजे आणि खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं बटण आहे तेही चालू पाहिजे, बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर त्या खालच्या बटणात मोडतात. मॅकमध्ये २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी द्यावी लागते. तिथे पहिल्यांदा घाईत नको म्हटलं की पुढे ते ॲप शांतपणे शून्य सिग्नल रेकॉर्ड करत राहतं, कुठलाही एरर दाखवत नाही. परवानगी दिल्यावर ॲप बंद करून परत उघडा.

कुठला डिव्हाइस निवडलाय. सॉफ्टवेअर बरेचदा लॅपटॉपच्या आतल्या माइकवरच अडकून असतं. ओळखायची खूण सोपी आहे, इंटरफेसच्या माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवा आणि मग लॅपटॉपच्या कीबोर्डच्या आसपास टकटक करा, मीटर कुठल्या आवाजाला जास्त उडतो ते बघा. लोक ह्या आतल्या माइकवर पूर्ण गाणं रेकॉर्ड करून "इंटरफेस घेऊनही आवाज घुमतो" म्हणतात, तेव्हा हे नक्की बघा.

ट्रॅकचं इनपुट. माइक इनपुट २ मध्ये आणि ट्रॅक इनपुट १ वर, हे खूप कॉमन आहे. ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म (तयार) केलाय का तेही बघा, आर्म नसेल तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मीटरच हलत नाही.

फक्त डाव्या कानात येतंय तर काही बिघडलेलं नाही. दोन इनपुटच्या इंटरफेसला कॉम्प्युटर एक स्टीरिओ जोडी समजतो, इनपुट १ डावा, इनपुट २ उजवा. ट्रॅक मोनो करा आणि इनपुट १ द्या, संपला विषय. ओबीएस ह्या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये मोनोचा टिक आहे. हेडफोनमध्ये डायरेक्ट मॉनिटर एकाच बाजूला येत असेल तर इंटरफेसवरचं मोनो-स्टीरिओ बटण बघा.

ड्रायव्हर. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. एएसआयओ वापरताना दुसरं एखादं ॲप, म्हणजे ब्राउझर किंवा मीटिंगचं ॲप, इंटरफेस धरून बसलं असेल तर कधीकधी आवाज मिळत नाही, ते बंद करून बघा.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली जातात तो आकडा. एकीकडे ४४.१ किलोहर्ट्झ आणि दुसरीकडे ४८ असेल तर खरखर येऊ शकते, सॉफ्टवेअर डिव्हाइस उघडायलाच नकार देऊ शकतं, आणि कधी रेकॉर्डिंग वेगळ्याच पट्टीत वाजतं, ४८ वर घेतलेलं ४४.१ वर वाजलं की जवळजवळ दीड सेमीटोन खाली येतं. गाणाऱ्याला हे लगेच कानाला टोचतं. सिस्टिम, इंटरफेसचं कंट्रोल पॅनल आणि सॉफ्टवेअर तिन्हीकडे एकच आकडा ठेवा.

आवाज टिक टिक करत तुटत असेल तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) वाढवा. ४४.१ वर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. लहान बफरला उशीर कमी पण कॉम्प्युटरवर ताण जास्त. रेकॉर्ड करताना उशीर खटकतो म्हणून लोक ६४ वर ठेवतात आणि मग टिकटिक येते, त्यापेक्षा बफर मोठा ठेवा आणि स्वतःला ऐकायला डायरेक्ट मॉनिटर वापरा.

मीटिंगच्या ॲपमध्ये लांबवलेला सूर मध्येच गायब होत असेल तर तो माइकचा दोष नाही, ॲपचं नॉइज सप्रेशन त्या सुराला पंख्याचा आवाज समजून कापतंय, ते बंद करा.

यूएसबीची वीज

इंटरफेस मध्येच बंद-चालू होतो, किंवा फँटम चालू केली की डिस्कनेक्ट होतो, तर हब (एका यूएसबी पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) काढा आणि थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ ला ९०० इतका करंट ठरवून दिलेला आहे, पण स्वतःची वीज नसलेल्या हबवर माउस, हार्ड डिस्क आणि इंटरफेस सगळेच तेवढ्यावर ओढाताण करतात, आणि फँटम चालू झाली की इंटरफेसची भूक वाढते. केबलही बदलून बघा, फोन चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या वायरच नसतात, इंटरफेसचा लाइट लागतो पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही.

घूं आणि खरखर

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घूं गेला तर ग्राउंडचा प्रश्न आहे, म्हणजे लॅपटॉप, स्पीकर, मॉनिटर वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यामुळे त्यांच्या अर्थिंगमध्ये लूप तयार झालंय. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, बहुतेक वेळा कमी होतं. आणि अर्थची पिन कापून किंवा टेप लावून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. माइकची जाळी ओठाला लागते, हात माइकवर असतो, तिथे करंट आला तर काय होईल ह्याचा विचार करा.

वीज ५० हर्ट्झची असो की ६० ची, त्याचा खोल घूं वेगळा आणि डिमर लाइट किंवा खराब ॲडॉप्टरची बारीक झिणझिण वेगळी. झिणझिण असेल तर एकेक उपकरण बंद करत जा. माइकची केबल पॉवरच्या वायरशेजारून नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

केबल हलवली की खरखर येते, तर प्लगपाशी वायर सुटत आलीय. केबल न हलवता कंडेन्सर आपोआप फट फट करतो, खास करून दमट दिवसांत, तर बहुतेक वेळा चकतीवर ओल धरलीय. एक दिवस सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. फुंकर मारू नका, फुंकरेत ओलच असते, आणि हेअर ड्रायर तर नकोच.

सगळं बरोबर आहे आणि तरी बारीकच

इथे खर्चाचा भाग येतो म्हणून हे खाली ठेवलंय. काही डायनॅमिक माइकचा सिग्नल मुळातच फार लहान असतो. शुअरचा एसएम७बी एकाच पातळीच्या आवाजाला साधारण १.१२ मिलिव्होल्ट देतो, एसएम५८ देतो १.८५ च्या आसपास, आणि रोडचा एनटी१-ए हा कंडेन्सर देतो २५. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्यात जवळजवळ २७ डेसिबलचा फरक आहे. एसएम७बीला कंपनी स्वतःच किमान ६० डेसिबल गेन सांगते, आणि छोट्या इंटरफेसचा गेन बरेचदा त्याच्या अलीकडेच संपतो. मग नॉब शेवटपर्यंत, आणि शेवटच्या टप्प्यात हिस्सही वाढतो.

आधी जवळ या. मग रेकॉर्डिंगची पातळी किती हवी ते समजून घ्या, २४ बिटमध्ये सरासरी मायनस १८ डेसिबलच्या आसपास आणि उंच जागा मायनस १० ते मायनस ६, एवढं पुरे आहे. लाल लाइटच्या जवळ न्यायची गरज नाही, उरलेलं नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येतं. एवढं करूनही कमी पडत असेल तरच माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा बूस्टर घ्या, तो २० ते २७ डेसिबल देतो, फँटमवर चालतो आणि फँटम पुढे माइककडे जाऊ देत नाही. त्यामुळे तो कंडेन्सरला लावायचा नाही, लावला तर माइक बंदच राहील.

मल्टीमीटर असेल तर

केबल दोन्हीकडून काढा, मीटर बीपच्या मोडवर. एका टोकाची १ दुसऱ्या टोकाच्या १ शी, २ शी २, ३ शी ३, तिन्ही वेळा बीप यायला पाहिजे, आणि १-२, १-३, २-३ ह्या जोड्यांना बीप यायला नको. मोजताना केबल प्लगपाशी हलवत राहा, बीप तुटला तर जागा सापडली. प्लग उघडला की रबरी बुडाच्या आत तीन सोल्डर दिसतात, दोन आवरण असलेल्या वायर आणि एक जाळीची पिळलेली. दोष बहुतेक ह्या तीन ठिकाणी असतो: वायर पिनेवरून निघालेली, सोल्डर फिकट आणि भेगाळलेला, किंवा जाळीची एखादीच केसासारखी तार शेजारच्या पिनेला टेकलेली. सोल्डरिंग येत असेल तर दहा मिनिटांचं काम.

फँटम मोजायची असेल तर केबल इंटरफेसला लावा, दुसरं टोक मोकळं, मीटर डीसी व्होल्टवर. १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये, दोन्हीकडे सारखं आणि ४४ ते ५२ च्या आत यायला पाहिजे, २ आणि ३ मध्ये जवळजवळ शून्य. एकीकडे ४८ आणि एकीकडे शून्य आलं तर आधी दुसऱ्या केबलने मोजा. दोन्ही केबलवर तसंच आलं तर दोष इंटरफेसमध्ये.

इथे थांबायचं

हातात माइक धरल्यावर किंवा ओठाला लागल्यावर झिणझिण्या आल्या, अगदी बारीक असल्या तरी, तर सगळं बंद करा, प्लग काढा. हे ऑडिओवाल्याचं काम नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तोपर्यंत त्या सॉकेटवर माइक वापरायचा नाही.

जळका वास आला, इंटरफेस हात ठेवता येणार नाही इतका तापला, किंवा त्यात पाणी गेलं, तर "एकदा चालू करून बघू" करू नका.

चांगली केबल, चांगला माइक, आणि एकाच इनपुटला आवाज नाही, किंवा फँटमचं माप कुठल्याच इनपुटला येत नाही, तर दोष आतल्या बोर्डवर आहे. वॉरंटी असेल तर उघडू नका. वॉरंटी संपली असेल तरी बारीक पार्ट असलेले बोर्ड घरच्या सोल्डरिंगने सुधारण्यापेक्षा बिघडतातच जास्त. ट्यूब माइकचा वेगळा पॉवर सप्लाय तर उघडायचाच नाही, त्यात शंभर व्होल्टच्या वरचं व्होल्टेज असू शकतं आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतं. रिबन माइक आणि कंडेन्सरची चकती ह्यांनाही घरी हात लावायचा नाही, चकतीला बोट लागलं तरी ती कायमची खराब होऊ शकते.

दुरुस्तीला देताना नुसतं "चालत नाही" सांगू नका. लाइट लागतो का, दोन्ही इनपुटला होतं का, कुठला माइक आणि किती केबल लावून बघितल्या, फँटमचं माप किती आलं, प्रॉब्लेम सतत आहे की तापल्यावर येतो, हे एका कागदावर लिहून सोबत द्या. तापल्यावर येणारा दोष दुकानात टेबलवर पाच मिनिटांत दिसत नाही, तेव्हा "अर्धा तास चालू ठेवा, मग दिसेल" हे त्यात ठळक लिहा.